चार भोकं, तीन भोकं आणि एक खाच

स्नोबोर्ड हे प्रकरण आपल्या घरात बहुधा मुलांमार्फत शिरतं. शाळेची स्की-ट्रिप निघते, मित्र जातात म्हणून चिरंजीव किंवा कन्यारत्नही जातं, पहिले दोन दिवस भाड्याच्या बोर्डवर यथेच्छ आपटून घेतं आणि दोन-तीन हिवाळ्यांत गराजच्या भिंतीला एक स्वतःचा बोर्ड टेकून उभा राहतो. आपण मंडळी ऊन-पावसात वाढलेली. आपल्याला त्या फळीवरची चित्रं दिसतात, तिची किंमत तर फारच ठळक दिसते. पण पाय त्या फळीला जखडून ठेवणारं जे बाइंडिंग, त्याच्याकडे आपलं लक्ष जातं ते मोडल्यावरच.

आणि बहुतेक वेळा आधी मोडतं तेच. बोर्ड नीट सांभाळला तर बरीच वर्षं चालतो. पट्टे, बकलं, स्क्रू मात्र त्याआधी दगा देतात. मग नवीन बाइंडिंग आणायला दुकानात गेलं की प्रश्न सुरू होतात. बोर्डला भोकं कशी आहेत, चार की तीन? की चॅनल आहे? बूट कुठले आहेत? पट्ट्यांचं हवं की नुसतं पाय दाबून बसणारं? विकणारा पोरगा विशीतला असतो, भराभर बोलतो आणि आपण क्रेडिट कार्ड हातात घेऊन मान डोलावतो.

यातला एकही प्रश्न उगाच आलेला नाही. प्रत्येकामागे गेल्या साठ वर्षांतला एखादा वाद, एखादी अडचण किंवा एखादा फसलेला प्रयोग आहे. तो माहीत असला की निवड पुष्कळ सोपी होते. म्हणून हा थोडा इतिहास आणि त्याच्या जोडीला थोडा व्यवहार.

दोरीचा जमाना

गोष्ट सुरू होते मिशिगन राज्यात, मस्कीगन गावी, १९६५ च्या नाताळच्या दिवशी. शर्मन पॉपेन या गृहस्थाची बायको गरोदर होती आणि घरात मुलींचा दंगा चालू होता. त्यांना बाहेर नेऊन रमवण्यासाठी पॉपेनने दोन स्की शेजारी शेजारी ठेवून एकत्र जोडल्या आणि मुलींना त्यावर उभं करून टेकडीवरून सोडलं. समुद्राच्या लाटेवर फळीवर उभं राहतात तसं हे बर्फावरचं. त्याच्या पत्नीने, नॅन्सीने, स्नो आणि सर्फ हे दोन शब्द जोडून नाव ठेवलं 'स्नर्फर'. ब्रन्सविक या कंपनीने ते खेळणं म्हणून बाजारात आणलं आणि ते लाखांनी खपलं. १९६८ साली पॉपेनला त्याचं पेटंटही मिळालं.

या स्नर्फरला बाइंडिंग नव्हतंच. पाय सरकू नयेत म्हणून उभं राहायच्या जागी खरबरीत पृष्ठभाग होता आणि फळीच्या नाकाला एक दोरी बांधलेली होती. ती हातात घट्ट धरायची, तोल सांभाळायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. पडलात तर तुम्ही एकीकडे आणि फळी दुसरीकडे. आपल्या खडावांना निदान अंगठ्यात धरायला खुंटी तरी असते. इथे तेवढीही सोय नव्हती.

मऊ, भुसभुशीत बर्फावर आणि छोट्या टेकडीवर हे चालून जायचं. पण बर्फ टणक झाला, उतार तीव्र झाला की नुसतं वजन इकडून तिकडे झुकवून भागत नाही. फळी कडेवर उभी करावी लागते, म्हणजे ती कड बर्फात रुतते आणि वळण घेता येतं. कडेवर उभं करायचं तर पाय फळीला जोडलेला हवा. पाय उचलला की फळीची ती बाजूही उचलली गेली पाहिजे. बाइंडिंगची गरज निर्माण झाली ती इथे.

पाय बांधला तो कोणी?

याचं श्रेय एकट्या कोणाला देता येत नाही. न्यू जर्सीत वाढलेल्या टॉम सिम्सने १९६३ मध्येच शाळेच्या सुतारकामाच्या तासाला बर्फावर घसरायची फळी बनवली होती आणि पुढे कॅलिफोर्नियात त्याने स्केटबोर्डबरोबर स्नोबोर्डचाही धंदा उभा केला. युटामध्ये दिमित्रिये मिलोविच याने १९७० च्या दशकात 'विंटरस्टिक' नावाचे बोर्ड काढले. त्याचा सगळा भर खोल, ताज्या बर्फावर होता. पण बाइंडिंगच्या गोष्टीत सगळ्यात जास्त वेळा जे नाव येतं ते जेक बर्टन कार्पेंटर याचं.

जेक न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर वाढला. चौदाव्या वर्षी त्याला एक स्नर्फर मिळाला आणि तो त्याच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. मॅनहॅटनमधली नोकरी सोडून तो १९७७ साली व्हरमाँटमधल्या लंडनडेरीला गेला आणि तिथे फळ्या बनवू लागला. त्या काळच्या प्रयोगांत पाय अडकवायला वॉटर-स्कीवर असतात तसे रबरी पट्टे वापरले जायचे. मोडलं की हार्डवेअरच्या दुकानातून काहीतरी आणून डागडुजी करायची.

१९७९ साली मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सजवळ पँडो इथे स्नर्फरच्या स्पर्धेला जेक आपला स्वतःचा बोर्ड घेऊन गेला. त्याला पाय अडकवायची सोय होती. लगेच कुरबुर सुरू झाली: हा स्नर्फर नव्हेच, आणि याचे पाय बांधलेले, मग ही स्पर्धा बरोबरीची कशी? आयोजकांनी मधला मार्ग काढला. खुल्या बोर्डांसाठी एक वेगळा गट केला. जेक त्यात उतरला आणि जिंकला. त्या गटात गर्दी अशी नव्हतीच. पण त्या दिवशी दोन खेळ वेगळे झाले असं म्हणायला हरकत नाही. दोरी धरून उभं राहायचं ते खेळणं राहिलं आणि पाय बांधून वळायचं त्याचा पुढे खेळ झाला.

पोटरीमागची पाठ

पट्ट्याने अर्धंच काम झालं. जरा उभं राहून बघा. बोटांकडची कड रुतवायची असेल तर आपण चवड्यांवर उभं राहतो, टाच उचलतो. घोट्यावरचा पट्टा बूट धरून ठेवतो आणि फळी वळते. टाचेकडची कड रुतवायची तर मागे रेलावं लागतं. आता मागे आधाराला काय आहे? काहीच नाही. सगळा भार घोट्याच्या आणि नडगीच्या स्नायूंवर येतो आणि मऊ बूट मागे दुमडतो. त्या काळी पोरं बर्फातले जाड सोरेल बूट घालत आणि ते ताठ राहावेत म्हणून त्यात स्की-बुटाचं आतलं अस्तर कोंबत. भाकरीच्या पिठात कणीक मिसळून पोळी लाटावी तसला तो प्रकार.

यावर उपाय निघाला तो बाइंडिंगलाच मागे उंच पाठ लावायचा. खुर्चीला पाठ असते तशी पोटरीमागे एक ताठ प्लॅस्टिकची पाठ: हायबॅक. मागे रेललं की पोटरी त्या पाठीवर दाबली जाते, पाठ बेसप्लेटला ढकलते आणि टाचेकडची कड क्षणात रुतते. याचा कर्ता म्हणून सर्वसाधारणपणे जेफ ग्रेल याचं नाव घेतलं जातं आणि काळ १९८३ च्या आसपासचा सांगितला जातो. इतरही काहीजण त्याच दिशेने धडपडत होते. वस्तूच अशी होती की गरज सगळ्यांनाच भासत होती.

हायबॅकने टणक बर्फावर बोर्ड ताब्यात आला, आणि नेमका हाच मुद्दा रिसॉर्टवाल्यांना पटवायचा होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बहुतेक स्की-रिसॉर्टांत स्नोबोर्डला मज्जाव होता. या पोरांना वळता येत नाही, थांबता येत नाही, कोणाला तरी धडकतील आणि मग विम्याचं काय, हा त्यांचा सवाल. बोर्ड हातातून सुटून एकटाच उतारावरून सुसाट गेला तर खाली कोणाचा तरी पाय मोडणार, हीही भीती खरीच होती. व्हरमाँटमध्ये स्ट्रॅटनने १९८३ साली दार उघडलं. तिथे आणि इतरही काही ठिकाणी सुरुवातीला परीक्षा द्यावी लागे: वळून दाखवा, थांबून दाखवा, मग लिफ्टचं तिकीट. पोलादी कडा, नीट बाइंडिंग आणि पायाला बोर्डची दोरी अशा अटी आल्या. १९९० पर्यंत चित्र पालटलं आणि बहुतेकांनी बंदी उठवली. ॲस्पेन माउंटनने २००१ मध्ये आणि न्यू मेक्सिकोतल्या टाओसने २००८ मध्ये परवानगी दिली. आजही अमेरिकेत तीन ठिकाणं स्नोबोर्डला आत घेत नाहीत: युटातली अल्टा आणि डिअर व्हॅली आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन. सुट्टीचं बुकिंग करताना घरात एक स्कीवाला आणि एक बोर्डवाला असेल तर हे आधी बघा, नाहीतर प्रवासात तोंड फुगवून बसलेलं पोर सांभाळावं लागेल.

सुटणारं आणि न सुटणारं

इथे जरा मागे जाऊन स्कीच्या बाइंडिंगकडे बघायला हवं, कारण आपल्यापैकी बरेच पालक या बाबतीत गोंधळतात.

स्कीचं बाइंडिंग फार जुनं. नॉर्वेतल्या टेलेमार्कच्या सोंद्रे नोरहाइम याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाडाच्या लवचीक फांद्या पिळून टाचेभोवती गुंडाळल्या आणि स्की पायाला पक्की केली. त्यामुळे उड्या मारता आल्या, वळणं घेता आली. हा माणूस १८८४ साली आपल्यासारखाच देश सोडून अमेरिकेत आला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डकोटात वारला.

पण पाय जितका पक्का बांधावा तितका तो मोडायचा धोका. घोडेस्वाराचा पाय रिकिबीत अडकला आणि घोडा उधळला तर काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. यालमार व्हाम हाही नॉर्वेतून आलेला, ऑरेगनमधल्या पोर्टलंडला स्थायिक झालेला स्कीपटू. १९३७ साली त्याचा पाय मोडला. असं सांगतात की शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताच त्याने कागद-पेन्सिल मागितली आणि पडताना आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगचं चित्र काढलं. १९३९ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. आजच्या सगळ्या स्की-बाइंडिंगचा कुळाचार तिथून सुरू होतो: ठरावीक जोर पडला की बूट सुटला पाहिजे. तो जोर किती, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करणाऱ्याची तयारी बघून ठरतं आणि दुकानातला प्रशिक्षित माणूस स्क्रू फिरवून आकडा लावून देतो.

स्नोबोर्डचं बाइंडिंग सुटत नाही. मुद्दामच सुटत नाही. स्कीत दोन पाय दोन वेगळ्या फळ्यांवर असतात, त्यामुळे एक स्की एका बाजूला पिळली गेली की गुडघा तिच्याबरोबर पिळला जातो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीवर असतात, ते एकमेकांना सांभाळतात. त्यातला एकच पाय सुटला आणि दुसरा बांधलेला राहिला तर मात्र ती अख्खी फळी त्या एका पायाला पिळून काढेल. म्हणून दोन्ही बांधलेले राहणं हे एकाच पायाच्या सुटण्यापेक्षा बरं.

याचा परिणाम दुखापतींतही दिसतो. स्कीवाल्यांचे गुडघे जातात, बोर्डवाल्यांची मनगटं, कारण बांधलेल्या पायांनी पडताना माणूस हात टेकतो. घोट्यातल्या एका छोट्या हाडाचं फ्रॅक्चर तर बोर्डवाल्यांत इतकं दिसतं की डॉक्टर मंडळी त्याला 'स्नोबोर्डरचा घोटा' म्हणूनच ओळखतात. साध्या मुरगळण्यासारखं वाटून ते एक्स-रेमध्येही निसटू शकतं. आठवडा गेला तरी दुखणं कमी होत नसेल तर पुन्हा दाखवा. आणि झाडांच्या मधून, खोल बर्फात जायचं असेल तर एकट्याने कधीही नाही. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळ बर्फात डोकं खाली पाय वर असं कोणी अडकलं, तर पायातलं बाइंडिंग स्वतःच्या हाताने सोडवणं जवळजवळ अशक्य असतं.

या दोन बाइंडिंगांमधला फरक एकाच माणसाच्या पायात बघायचा असेल तर २०१८ चं प्योंगचांग ऑलिंपिक आठवा. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का हिने स्कीच्या सुपर-जी शर्यतीत सुवर्ण मिळवलं आणि त्याच ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लालममध्येही. एका शर्यतीत पायाखाली सुटणारं बाइंडिंग, दुसरीत ताठ बुटांसाठीची, न सुटणारी धातूची प्लेट. ही प्लेट म्हणजे युरोपातल्या शर्यतबाजांची देणगी. १९९८ साली नागानोला स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तेव्हाही जायंट स्लालमवाले ताठ बुटांत आणि हाफपाइपवाले मऊ बुटांत होते. आपल्या पोरांना लागतं ते मऊ बुटांचं.

भोकांचं भांडण

सुरुवातीच्या बोर्डांत बाइंडिंग सरळ लाकडात स्क्रू पिळून बसवत. जागा चुकली की नवीन भोक. पायांतलं अंतर बदलायचं म्हटलं की आणखी चार भोकं. फळीची चाळण व्हायची, पाणी आत शिरायचं आणि एखाद्या उडीत स्क्रू लाकडासकट उपटून यायचे. यावर तोडगा म्हणून बोर्ड बनवतानाच त्यात आटे असलेल्या धातूच्या बुश बसवायला लागले. त्यात ६ मिलिमीटरचा स्क्रू जातो. बाइंडिंगच्या मधोमध एक गोल डिस्क आली. ती ढिली करून पायाचा कोन अंशांत बदलता येतो आणि मग आवळून टाकता येते.

पण भोकांची मांडणी कशी, यावर एकमत झालं नाही. बहुतेक कंपन्यांनी चार स्क्रूंचा चौकोन धरला, दोन्ही बाजूंनी ४ सेंटिमीटर. पुढे त्याच्यातच भोकं २ सेंटिमीटरच्या अंतराने दिली, म्हणजे पायांतलं अंतर जास्त बारकाईने जुळवता येतं. बर्टनने मात्र १९९० च्या दशकात आपली तीन स्क्रूंची त्रिकोणी मांडणी आणली. झालं! ज्याचा बोर्ड त्याचंच बाइंडिंग, नाहीतर योग्य डिस्क शोधत फिरा. २००० च्या दशकाच्या अखेरीस बर्टनने भोकांनाच रजा दिली आणि बोर्डच्या मध्यरेषेवर लांबीच्या दिशेने एक खाच आणली, तिला चॅनल म्हणतात. त्यात नट सरकवून बाइंडिंग हवं तिथे थांबवायचं. सोय खरोखर चांगली. पण फक्त चॅनलसाठी बनवलेलं बाइंडिंग भोकांच्या बोर्डवर बसत नाही. उलट बऱ्याच कंपन्या चॅनलवरही बसेल अशी डिस्क देतात.

एका कंपनीचा फोन-चार्जर दुसऱ्या फोनला न चालण्याचा छळ आपण सगळ्यांनी सोसला आहे. हा त्यातलाच प्रकार, फक्त इथे फोनऐवजी पाय आहे.

स्टेप-इनची लाट

पट्ट्याच्या बाइंडिंगचा एक कायमचा वैताग आहे. लिफ्टवर मागचा पाय मोकळा ठेवावा लागतो. वर पोहोचलं की बर्फात बसकण मारायची, हातमोजे सांभाळत दोन पट्टे आवळायचे आणि तोवर स्कीवाली मंडळी निम्मा उतार उतरलेली असतात. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या मध्यावर 'स्टेप-इन' आलं तेव्हा भाड्याची दुकानं आणि नवशिके दोघांनी त्याचं स्वागत केलं. सायकलचे सुटे भाग बनवणारी जपानची शिमानो कंपनी आणि के-टू यांनी 'क्लिकर' आणलं. सायकलच्या पेडलला बुटाचा तळ अडकतो, त्याच धर्तीवर. 'स्विच' नावाची दुसरी पद्धत होती, बर्टननेही आपली काढली.

आणि दहा वर्षांच्या आत हे सगळं जवळजवळ नाहीसं झालं. कारणं साधी होती. बुटाखालच्या लोखंडी भागात बर्फ भरून गोठायचा आणि पाय बसायचाच नाही. पट्ट्याचं काम बुटाला करावं लागे, म्हणून बूट कडक आणि त्रासदायक झाले. सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक पद्धतीचे बूट वेगळे. कंपनीने हात काढून घेतला की बाइंडिंग तर गेलंच, पण धडधाकट बूटही त्याच्याबरोबर भंगारात. एका वस्तूच्या जागी दोन विकत घ्यायची वेळ अनेकांवर आली.

त्याच काळात आलेली दुसरी कल्पना मात्र टिकली. 'फ्लो' या कंपनीने पाठ मागे पाडून पाय मागून सरकवायचं बाइंडिंग काढलं. ते कुठल्याही साध्या बुटाला चालतं, हे त्याच्या टिकण्याचं मोठं कारण. पट्टेवाल्यांनीही सुधारणा केल्या. बोटांवरून आडवा जाणारा पट्टा आता बुटाच्या टोकावर टोपीसारखा बसतो आणि पाय मागे टाचेत ढकलून पक्का धरतो.

मग २०१७ साली बर्टनने 'स्टेप ऑन' आणलं. यात पायाखाली काही नाही. बुटाच्या पुढे दोन बाजूंना दोन आणि टाचेला एक अशा तीन जागी बूट अडकतो. जुन्या स्टेप-इनचे बरेचसे दोष त्यात काढून टाकले आहेत आणि इतर काही कंपन्यांनीही त्याला चालणारे बूट परवाना घेऊन बनवायला सुरुवात केली. २०२० नंतर निडेकर या स्विस कंपनीने पाय दाबून बसणारं पण साध्या बुटांना चालणारं बाइंडिंगही बाजारात आणलं. म्हणजे १९९० च्या दशकातला धडा काही जणांनी नीट गिरवला आहे.

मग बदलताना काय बघायचं?

सगळ्यात आधी: पूर्ण बाइंडिंग बदलायची खरंच गरज आहे का? पट्टा तुटला, बकल गेलं, दातेरी पट्टी झिजली, तर तेवढाच भाग बऱ्याचदा वेगळा मिळतो. चपलेचा अंगठा तुटला म्हणून आपण नवी चप्पल घेत नव्हतो, चांभाराकडे जात होतो. मात्र बेसप्लेटला किंवा हायबॅकला तडा असेल तर मोह नको. प्लॅस्टिक वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि थंडीने ठिसूळ होतं. वरून ठीक दिसणारं बाइंडिंग नेमकं उतारावर, भर वेगात तुटू शकतं.

जुनं बाइंडिंग काढण्यापूर्वी दोन्ही पायांचे कोन आणि अंतर यांचा फोटो काढून ठेवा. मग बोर्डवरची भोकं बघा: चौकोन, त्रिकोण की खाच. दुकानात जाताना बोर्ड आणि बूट दोन्ही बरोबर न्या. बाइंडिंगची मापं बुटावरून ठरतात. बूट बसवून बघितल्यावर बोटं आणि टाच बोर्डच्या दोन्ही कडांबाहेर साधारण सारखीच यायला हवीत. बोटं फार बाहेर आली तर वळताना ती बर्फाला घासतात आणि पोर तोंडावर आपटतं. शिकणाऱ्याला जरा मऊ बाइंडिंग घ्या. अतिकडक महागडं बाइंडिंग छोट्याशा चुकीलाही लगेच प्रतिसाद देतं.

पाय दाबून बसणारं घ्यायचं असेल तर एकच प्रश्न विचारा: याला कुठले बूट चालतात? खास बूट लागत असतील तर बूट आणि बाइंडिंग मिळून एकच खरेदी समजा. वाढत्या वयाच्या मुलाचा पाय दर वर्षी मोठा होतो, हे त्या हिशेबात धरा. सेकंडहँड सेलमध्ये जुनं स्टेप-इन अगदी मातीमोल भावाने दिसलं तर ते तिथेच राहू द्या. त्याचे बूट आता मिळायचे नाहीत.

बसवताना नवीन बाइंडिंगबरोबर आलेलेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू बोर्डचा तळ खालून फुगवतो, आखूड स्क्रू पुरेसे आटे पकडत नाही. या स्क्रूंची खाच साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरसारखी दिसते, पण बहुतेक ती पॉझिड्राइव्ह तीन नंबरची असते. चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने डोकं झिजलं की स्क्रू निघता निघत नाही. बकलं बाहेरच्या बाजूला येतात, त्यावरून डावं-उजवं ओळखा. आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळा. नवीन बसवलेले हमखास ढिले होतात.

हे शेवटचं काम दुकानदारावर सोडू नये, यालाही इतिहासातलंच कारण आहे. स्कीचं बाइंडिंग सुटणारं, म्हणून त्याच्या मागे आकडे, मापं, तपासणी आणि सही करणारा माणूस आला. स्नोबोर्डच्या बाइंडिंगला सुटायचंच नाही, त्यामुळे त्याला तसा आकडा नाही आणि दर हिवाळ्यात ते तपासून देणारंही कोणी नाही. शर्मन पॉपेन आणि जेक बर्टन दोघेही २०१९ साली, काही महिन्यांच्या अंतराने गेले. एकाने मुलींच्या हातात दोरी दिली, दुसऱ्याने पाय बांधायला शिकवलं. ते बांधलेलं पक्कं आहे ना, हे डिसेंबरच्या पहिल्या बर्फाआधी गराजमध्ये जाऊन, बोर्ड उलटापालटा करून, हाताने हलवून बघायचं काम आपलं. दहा मिनिटं लागतात आणि एक स्क्रूड्रायव्हर.